बरं वाटायला ब्रायटन

ब्रायटनला काय बघायचं, असं तिथल्या कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं. पॅव्हेलियन, पिअर म्हणजे समुद्रात शिरलेला धक्का, लेन्सच्या गल्ल्या, तो उंच मनोरा आणि वेळ उरलाच तर समुद्र. यादीत काही चूक नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडी पकडली की तासाभरात ब्रायटन येतं, स्टेशनाबाहेरचा उताराचा रस्ता सरळ पाण्यापर्यंत जातो आणि दुपारी चारपर्यंत सगळं ‘झालं’ म्हणता येतं. परतीच्या गाडीत माणसं उन्हाने लाल होऊन, तोंडं उघडी टाकून झोपलेली असतात.

माझी भाची तिथल्या विद्यापीठात शिकते, त्यामुळे मला यादी उरकायची घाई नव्हती. तिचे तास चालू असताना मी एकटीच हिंडायचे. हिंडता हिंडता माझं एक मत झालं, ते आधीच सांगून टाकते. ब्रायटन मौजमजेचं शहर म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते दवाखान्याचं गाव आहे. आजारी माणसं बरं वाटावं म्हणून इथे आली, त्यांच्या सोबतीला धडधाकट आले आणि त्या धडधाकटांचा वेळ जाईना म्हणून बाकीचं सगळं उभं राहिलं. हा धागा धरून चाललं तर आपल्याकडची माणसंही भेटतात, कल्पनाही नसते अशा ठिकाणी.

धाग्याचं टोक ओल्ड स्टीन या चौकात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे ब्राइटहेल्मस्टन नावाचं, वादळांनी खिळखिळं केलेलं कोळ्यांचं गाव होतं. जवळच्या लुइस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला: समुद्राच्या पाण्याने गाठींचे विकार बरे होतात. ते पाणी अंगावर घ्यायचं आणि पोटातही घ्यायचं. रोगी यायला लागले. मग रसेलनी ओल्ड स्टीनजवळ स्वतःचं घरच बांधलं. त्या जागेवर पुढे झालेल्या भल्यामोठ्या हॉटेलचा बराचसा भाग २०२३ च्या आगीत गेला.

रोग्याने समुद्रात उतरायचं कसं, याचंही शास्त्र होतं. चाकांवरची लाकडी खोली घोडा लावून पाण्यात न्यायची. आत कपडे बदलायचे आणि पायऱ्या उतरलं की खाली एक दणकट बाई उभी. ती तुम्हाला धरणार, पाण्याखाली दाबणार आणि वर काढणार. या बायकांना डिपर म्हणत आणि त्यांच्यात सर्वांत नावाजलेली होती मार्था गन. राजपुत्रापासून सगळ्यांना तिची ओळख होती. आपल्याकडे कुंभमेळ्यात बुडी मारताना हात धरणारे असतात, पण त्यांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणाला बुडवल्याचं ऐकिवात नाही.

तो राजपुत्र म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज. १७८३ साली तो पहिल्यांदा इथे आला. मानेच्या गाठींवर समुद्रस्नान चांगलं, असं वैद्यांनी सांगितलं होतं म्हणतात. पण काकांचं घर इथे होतं, शर्यती होत्या, पत्ते होते आणि बापाची नजर लंडनात राहिली होती. त्याला किती बरं वाटलं असेल, हे सांगायला वैद्य नको. आधी भाड्याने घेतलेलं शेतघर, मग त्याचं घर आणि शेवटी १८१५ पासून जॉन नॅश या वास्तुकाराकडून करवून घेतलेला महाल, म्हणजे आजचं रॉयल पॅव्हेलियन.

पॅव्हेलियनपुढे पहिल्यांदा उभं राहिल्यावर मराठी माणसाला हसू येतं, आणि ते दाबायचं कारण नाही. कांद्यासारखे घुमट, मिनार, जाळ्या, कमानी. बाहेरून हिंदुस्थान आणि आत शिरलं की चीन! हिंदुस्थान ना राजाने पाहिला होता ना नॅशने. डॅनियल काका-पुतण्यांनी भारतभर फिरून काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती इंग्लंडात गाजत होत्या, त्यांवरून हा सगळा मोगलाई थाट उचललेला. घुमटांच्या पोटात ओतीव लोखंडाचा सांगाडा आहे. भोजनगृहात छताशी पंख पसरलेला एक ड्रॅगन आणि त्याच्या खाली टनभर वजनाचं झुंबर. मला हे सगळं आवडलं का? बाहेरचं नाही. संगीताचं दालन मात्र फार आवडलं. १९७५ साली कोणीतरी लावलेल्या आगीत ते जळालं, अकरा-बारा वर्षं खपून कारागिरांनी पुन्हा उभं केलं, आणि १९८७ च्या ऑक्टोबरातल्या वादळात वरच्या मिनाराचा दगडी गोळा निखळून छत फोडून नव्याकोऱ्या गालिच्यात रुतला. लोकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. छताचे सोनेरी शिंपले बघताना त्या कारागिरांच्या चिकाटीपुढे राजाची हौस फिकी वाटते.

व्हिक्टोरिया राणीला इथे करमेना. लोक फार जवळ येऊन बघतात, अशी तिची तक्रार. तिने येणं थांबवलं आणि १८५० साली शहराने महाल विकत घेतला. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॅव्हेलियनच्या बागेपलीकडचा मोठा घुमट म्हणजे राजाच्या घोड्यांची पागा. घोड्यांसाठी एवढा घुमट बघून तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. पुढे तिथे सभागृह झालं. १९७४ साली युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा याच सभागृहात झाली आणि ॲबा नावाचा स्वीडिश चमू तिथे जिंकून जगप्रसिद्ध झाला. तिथे एका कार्यक्रमाला बसले असताना शेजारच्या आजीबाई मला अभिमानाने हेच सांगत होत्या. या दोहोंच्या मधे त्याच जागेत काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सांगते, पण थोडं थांबून.

त्याआधी साके दीन महोमेद. हा पाटण्याचा. जन्म १७५९, कंपनीच्या बंगाल फौजेत वाढला, एका अधिकाऱ्याबरोबर आयर्लंडला गेला. १७९४ साली त्याने इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं, इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला भारतीय. लंडनमध्ये १८१० साली हिंदुस्थानी जेवणाचं घर काढलं, ते चाललं नाही. मग तो ब्रायटनला आला. इथली सगळी गिऱ्हाइकं सांधेदुखीची, हे त्याने बरोबर ओळखलं. वनस्पतींच्या वाफेने शेकायचं आणि नंतर अंग रगडून द्यायचं. फ्लॅनेलच्या तंबूत रोगी बसवायचा आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांमधून मालीश करणाऱ्याने हात आत घालायचे. बऱ्या झालेल्या रोग्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या तो भिंतीवर टांगून ठेवी, नव्या रोग्यांना दिसतील अशा. दोन राजांनी त्याला आपला अधिकृत ‘शॅम्पूइंग सर्जन’, म्हणजे मालीशवैद्य, नेमलं. समुद्रासमोरच्या त्याच्या स्नानगृहाच्या जागी आता हॉटेल आहे. एका नातवाने, फ्रेडरिक अकबर महोमेद याने, डॉक्टर होऊन रक्तदाबावर पायाभूत संशोधन केलं. मालिशवाल्याच्या घरात दोन पिढ्यांत एवढी मजल गेली, तीही त्या काळच्या इंग्लंडात.

दीन महोमेद १८५१ साली गेला. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे आणि त्याच आवारात मार्था गनचीही. एक गार पाण्यात बुडवणारी, एक गरम वाफेत बसवणारा. स्टेशनापासून चालत पाचेक मिनिटांवर हे आवार आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्या खालच्या रस्त्याने लेन्सकडे धावत असतात. लेन्स म्हणजे जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या. आता सराफांची आणि दागिन्यांची दुकानं. एक चक्कर पुरे. शेजारच्या नॉर्थ लेनमध्ये जुने कपडे, पुस्तकं, रेकॉर्ड, तिथे मात्र अर्धा दिवस सहज जातो. १६२ मीटर उंचीचा तो मनोराही बघून झाला, खालूनच.

आता समुद्र. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. ससेक्सच्या खडूच्या कड्यांमध्ये चकमकीच्या दगडाचे थर असतात. कडा ढासळतो, खडू विरघळून जातो, चकमक उरते आणि लाटा ती घोळून घोळून गुळगुळीत करतात. करडे, तपकिरी, मधाच्या रंगाचे गोटे. त्यांवर अनवाणी चालणं हा स्वतंत्र उपचार आहे, तो रसेलच्या प्रबंधात कसा नाही कोण जाणे. लाट मागे सरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासतात, तो आवाज ऐकायला मी जाड चादर घेऊन जात असे. एखादा गोटा खिशात टाकावासा वाटतो, पण इथले गोटे नेणं बेकायदा आहे. किनाऱ्याची धूप तेच थोपवतात.

मराठी माणसाला ब्रायटन हे नाव बहुधा पहिल्यांदा भेटतं ते एका कवितेच्या टिपेत. सावरकरांनी सागराला उद्देशून लिहिलेली कविता याच किनाऱ्यावरची, १९०९ सालची. त्या वर्षी जूनमध्ये थोरल्या भावाला, बाबारावांना, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रांना लंडनच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. अशा वेळी हा पंचविशी नुकतीच ओलांडलेला माणूस या हवापालटाच्या गावात आला होता. आजूबाजूला मन रमवायच्या सगळ्या सोयी. पिअरवर बँड, फिरायला रुंद रस्ता, बाकडी. आणि हा समुद्राशी भांडतोय, तू मला फसवलंस म्हणून. शेवटी तर अगस्ती ऋषीचा धाक घालतो, ज्याने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला होता.

गोट्यांवर बसले असताना मला एकदम रसेल आठवला. सावरकरांच्या दीडशे वर्षं आधी त्याने याच पाण्याचा पेला लोकांच्या हातात दिला, बरं वाटेल म्हणून. सावरकरांना बरं वाटायचा एकच उपाय होता आणि तो पलीकडच्या किनाऱ्यावर होता. समोर दक्षिणेला तर फ्रान्स. आपला देश त्या दिशेला नाहीच, पण पाणी एकच, एवढ्यावर कवीचं भागलं असावं. ज्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून आपण ब्रायटनची गाडी पकडतो, तिथेच पुढच्या मार्चमध्ये त्यांना पकडलं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, मी दर महिन्याला तिथून येते-जाते गं, मला कोणी बोललंच नाही.”

पिअर दोन. एक जिवंत, एक मेलेला. जिवंत म्हणजे १८९९ चा पॅलेस पिअर. ५२५ मीटर समुद्रात गेलेला, पाळणे, नेमबाजी, नाणी ढकलणारी यंत्रं, तळणाचा वास, आणि हातातला चिप्सचा पुडा सरळ झडप घालून नेणारे सीगल. पोरांना घेऊन जा, नाहीतर टाळलात तरी चालेल. मेलेला म्हणजे वेस्ट पिअर, १८६६ सालचा. १९७५ साली तो बंद पडला, २००३ मध्ये दोनदा आगी लागल्या, आणि आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उरलाय. मी ब्रायटन उन्हाळ्यातही पाहिलंय आणि ऐन थंडीतही, आणि थंडीतच जावं असं सांगेन, ते या सांगाड्यासाठी. नोव्हेंबरपासून सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग पक्षी थव्यांनी येतात. काळा ढग वळतो, ताणला जातो, दुमडतो, पुन्हा पसरतो आणि अंधार पडता पडता एकदम पिअरखाली ओतला जातो. बघायला तिकीट नाही. कामावरून सुटलेली माणसं सायकल टेकवून उभी राहतात, आणि इंग्रज माणूस अनोळखी माणसाशी आपणहून बोलतो, ते मी तिथेच पाहिलं.

उन्हाळ्यात गेलात तर व्होक्सची गाडी चुकवू नका. मॅग्नस व्होक या गड्याने ४ ऑगस्ट १८८३ ला किनाऱ्यालगत विजेची छोटी आगगाडी सुरू केली आणि ती अजून धावते आहे. आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी विजेची रेल्वे हीच. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. १८९६ साली त्याने रॉटिंगडीन गावापर्यंत चक्क समुद्रातून रेल्वे नेली. रूळ पाण्याखाली आणि डबा सात मीटर उंच पायांवर, पाण्याच्या वर. सुरुवात होऊन आठवडा होतो न होतो तोच वादळाने तिला आडवं केलं. दुरुस्त होऊन ती १९०१ पर्यंत कशीबशी चालली. समुद्रातून जाते म्हणून तिच्यावर कप्तान आणि जीवरक्षक होडी ठेवावी लागे. पूर्ण ओहोटी असली की त्या रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे अजून दिसतात.

जुनी गाडी मात्र सरळमार्गी. पूर्वेकडे शेवटच्या थांब्याच्या अलीकडे किनाऱ्याचा एक तुकडा १९८० पासून विवस्त्र स्नानासाठी राखलेला आहे, गोट्यांच्या बांधाआड. भाची आधीच सावध. “मावशी, आता उजवीकडे बघू नकोस.” डब्यात मराठी समजणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे ही सूचना एकट्या मलाच लागू होती. गाडीतून उतरून पुढे कड्याच्या पायथ्याशी बांधलेला फरसबंदीचा रस्ता लागतो. एका हाताला पांढरा खडूचा कडा, दुसऱ्या हाताला लाटा. रॉटिंगडीनपर्यंत तासाभराची चाल. तिथे ‘जंगल बुक’वाला किपलिंग काही वर्षं राहायचा. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला हा माणूस इथल्या लोकांच्या चकरांना कंटाळून निघून गेला. ब्रायटनहून लोक गाड्या भरभरून त्याचं घर बघायला यायचे.

आता पागेच्या घुमटाखालची ती मधली गोष्ट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय फौजेचे जखमी जवान १९१४ च्या डिसेंबरात इथे आणले गेले. पॅव्हेलियन, पागेचं सभागृह आणि शेजारची इमारत मिळून ७०० हून जास्त खाटांचं इस्पितळ झालं. राजाच्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया होत. बाहेर हिरवळीवर निरनिराळ्या धर्माजातींसाठी नऊ चुली मांडल्या होत्या, हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, सूचना उर्दू, गुरुमुखी, हिंदीत. वर्षभरात ४,००० हून जास्त जवान इथे राहून गेले. राजाने स्वतःचा महाल तुमच्यासाठी रिकामा केला, असा समज सैनिकांमध्ये पसरू दिला गेला. म्हणून ते १८५० साल लक्षात ठेवायला सांगितलं. महाल नगरपालिकेचा होता. फोटोंची कार्डं छापून हिंदुस्थानात पाठवली गेली. सैनिकांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे, त्यांच्या अनुवादाच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोणी या जागेला स्वर्ग म्हटलंय, कोणी घरच्यांना आडून सुचवलंय, इकडे भरती होऊन येऊ नका.

आणि सगळंच काही स्वर्ग नव्हतं. गावातल्या दुसऱ्या, किचनर इस्पितळाला काटेरी तारेचं कुंपण होतं, बरे झालेल्यांनाही मोकळं हिंडू देत नसत. या कोंडवाड्याला वैतागून तिथल्या एका सब-असिस्टंट सर्जनने मुख्य अधिकारी कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडायचा प्रयत्न केला आणि त्याला कैद झाली. त्याचं आडनाव गोडबोले. पॅव्हेलियनच्या वरच्या मजल्यावर इस्पितळाचं छोटं प्रदर्शन बघून मी बाहेर आले, बागेतल्या बाकावर बसले, तरी ते आडनाव डोक्यातून जाईना. सावरकरांच्या कवितेनंतर जेमतेम सहा वर्षांनी, तिथून दोनेक किलोमीटरवर.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला अक्षरशः कापल्या गेल्या. पुण्याच्या माणसाला खडकी रोजची आणि ती लढाई ठाऊक नाही. मलाही ती इथे आल्यावर वाचायला मिळाली.

ब्रायटनच्या इस्पितळांत जे वाचले नाहीत, त्यांतल्या मुसलमानांना लंडनजवळच्या वोकिंग गावच्या मशिदीजवळ पुरलं. ५३ हिंदू आणि शीख जवानांना शहरामागच्या टेकडीवर, उघड्या माळावर, चिता रचून अग्नी दिला. राख समुद्रात सोडली. त्या जागेवर संगमरवरी छत्री आहे, आठ खांबांची. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. पुढच्या महायुद्धात लष्कराने या टेकड्या सरावासाठी घेतल्या तेव्हा छत्रीवर गोळ्यांच्या खुणा पडल्या, नंतर त्या बुजवल्या. ज्यांना इथे अग्नी दिला त्यांची नावं २०१० पर्यंत तिथे नव्हती. आता शेजारी वेगळ्या शिळेवर कोरली आहेत. पॅव्हेलियनचे घुमट बघून जे हसू आलं होतं ते इथे येत नाही. याही घुमटाचं वळण तेच, पण हा ज्यांच्यासाठी बांधला त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला होता.

ब्रायटनच्या यादीत छत्री सहसा नसते, कारण तिथे गाडी जात नाही. पॅचमपर्यंत बस आहे. तिथून हायवे ओलांडून वर कुरणांमधून अर्ध्या-पाऊण तासाची चढण. वाटेत फाटकं लागतात, ती मागे नीट लावायची, मेंढ्या असतात. जूनमध्ये दरवर्षी स्मरणाचा कार्यक्रम होतो, तेव्हा सोबत मिळते. एरवी गेलात तर वाऱ्यासाठी जाड जाकीट आणि चिखलाचे बूट हवेत, पाणी खालूनच भरून घ्या. वर नळ नाही आणि चहाही मिळत नाही.